कृष्णाघाटावर चेट मॅलरी

कावळा शिवला. पिंडाला चोच लागली, मंडळींनी हात जोडले, विषय संपला.

आता हे आपण वाचलंच नाही असं धरून पुढे जायचं आहे, कारण निनाद होनमोरेनेही तेच ठरवलं आहे. घाटावरून घरी आल्यापासून तो असा वावरतो आहे की जणू कावळा अजून यायचाच आहे; निघालाय, वाटेत कुठे अडकला असेल. शेजारच्या आवटी काकूंनी दारातून विचारलं, "शिवला ना रे वेळेवर?" तर तो म्हणाला, "बघू."

सध्या दुपार आहे. दहाव्याचा बिनफोडणीचा वरणभात पोटात गेला आहे. सकाळी न्हाव्याने केलेल्या गोट्यावर पंख्याचा वारा इतका थेट लागतो आहे की आपल्या डोक्याचं झाकण कुणीतरी लावायला विसरलं असावं असं निनादला वाटतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तो आडवा आहे. खुर्चीत बापूकाका, वडिलांचे थोरले भाऊ, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत आहेत. आत आई आहे, पण तिचा आवाज नाही. झोप आली आहे, पण आत येत नाही. उंबऱ्यावर उभी राहून चपला काढू की नको करते आहे.

तेवढ्यात वडिलांचं सांगून घेऊ.

शशिकांत होनमोरे दिवसा पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कारकून होते आणि संध्याकाळी अमेरिकन. ऑर्केस्ट्रा नवतारकामध्ये ते चेट मॅलरी नावाच्या जुन्या अमेरिकन गायक-नटाची गाणी म्हणत. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर तिरकी हॅट, आणि बाहेर मिरजेचा एप्रिल. हा चेट मॅलरी सिनेमात शेवटी हमखास मरायचा, आणि मरता मरता गाणं पूर्ण करायचा. शशिकांतरावांनी त्याच्याकडून गाणं उचललं आणि मरणंही उचललं. शब्द तेवढे उचलता आले नाहीत, कारण सगळी विद्या कानाने मिळवलेली. मिशनच्या दवाखान्यात पाहुणा आलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने त्यांचं गाणं डोळे मिटून ऐकलं होतं आणि नंतर फार आदराने विचारलं होतं, ही कुठली भाषा. पण गावाला काही अडलं नाही. गाव त्यांना चेटच म्हणायचं. भाजीवाली म्हणायची, 'चेटभाऊ, कोथिंबीर घ्या की.' शशिकांत हे नाव फक्त पगारपत्रकात आणि आईच्या रागात उरलं होतं.

घरी ते मरायचा सराव करायचे. छातीवर हात, एक गुडघा, दुसरा गुडघा, मग आडवे, आणि शेवटचा सूर फरशीवरून. मग घरातल्या कुणीतरी 'वन्समोअर' म्हणायचं, हा रिवाज. म्हटलं की ते उठायचे, आधी गुडघा झटकायचे, मग कॉलर सरळ करायचे, आणि पुन्हा मरायचे. वन्समोअर आला आणि दिला नाही, असं त्यांच्या हयातीत कधी झालं नाही.

त्या सकाळी आई स्वयंपाकघर पुसत होती. ते गुणगुणत दारात आले, छातीवर हात ठेवला आणि एका गुडघ्यावर बसले. आई म्हणाली, "अहो थांबा जरा, फरशी ओली आहे." ते थांबले नाहीत. निनाद बेसिनपाशी दात घासत होता. त्याने तोंडात फेस तसाच ठेवून आवाज दिला, "वन्समोअर."

काही झालं नाही. कधीकधी ते मुद्दाम ताटकळत ठेवायचे, म्हणून त्याने आणखी एकदा म्हटलं. मग चूळ भरली. मग तो बघायला गेला.

त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत खरा चेट मॅलरीही गेला. फार म्हातारा झाला होता. ही बातमी निनादच्या मोबाइलवर स्मशानात आली. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे मुजावर मामा म्हणाले, "जोडीनं तिकीट काढलं बघ दोघांनी." नवतारकाच्या मंडळींनी घाटाच्या रस्त्याला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, 'मिरजेचा चेट हरपला'. फ्लेक्सवाल्या पोराने नाव टाकून इंटरनेटवरून फोटो उतरवला. त्यामुळे गेले काही दिवस एक गोरा गृहस्थ हॅट तिरकी करून कृष्णाघाटाकडे जाणाऱ्या लोकांकडे मोठ्या मायेने बघतो आहे, आणि लोकही जाता जाता त्याला हात जोडत आहेत.

आणि आज सकाळी घाटावर काय झालं, तर निनाद तयारी करून गेला होता. कावळा अडून बसतो, मग मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून एकेक वचन द्यावं लागतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्याने तीन वचनं पाठ केली होती. आईकडे बघेन. ओव्हरकोट विकणार नाही. तिसरं जरा अवघड होतं, ते त्याने शेवटाला ठेवलं होतं: तुमची गाणी मी म्हणेन, जमत नसली तरी म्हणेन. गुरुजी म्हणाले, "हाक मारा." मुजावर मामा म्हणाले, "या चेट, या." तबलजी म्हणाला, "चेटभाऊ, बसा एकदाचे." बापूकाका म्हणाले, "ये रे चेट." सख्खा भाऊ, पण तेही चेटच म्हणाले. निनादने 'पप्पा' म्हणायला तोंड उघडलं, तोवर कावळा येऊन शिवून गेलाही होता. पिंडाचं पान धड खाली टेकलंही नव्हतं.

"भाग्यवान माणूस," बापूकाका घड्याळ बघत म्हणाले. "काही मागे ठेवलं नाही."

तेव्हापासून निनाद एवढाच विचार करतो आहे की काहीच मागे ठेवलं नाही, तर मग आपण कोण. बापाची एकही इच्छा आपल्यापाशी अडू नये? निदान दहा मिनिटं तरी? गावात दारू पिऊन मेलेल्या माणसांचे कावळे दुपारपर्यंत बसून राहतात.

झोपेने चपला काढल्या.

पंखा खटखट करतो आहे. ती खटखट आता वरून येत नाही, मागून येते आहे, आणि तिच्यासोबत उजेडाचा एक लांबट पट्टा डोक्यावरून पुढे चालला आहे. समोर पांढरा पडदा आहे. सतरंजी अजून पाठीखाली आहे, पण निनाद बसलेला आहे, मंडळाच्या लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत. खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'होनमोरे' लिहिलं आहे. सगळ्या रिकाम्या आहेत.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

आवाज वडिलांचा आहे. निनाद सरकतो, आणि मग वळून बघतो. ओव्हरकोट आहे. तिरकी हॅट आहे. पण हनुवटीच्या वर तिशीतला गोरा माणूस आहे आणि हनुवटीच्या खाली ऐंशी ओलांडलेला. हात थरथरताहेत, त्यांवर डाग आहेत.

"पप्पा?"

"नाही. मी मूळ प्रत."

फ्लेक्सवरचाच माणूस. निनादला आश्चर्य वाटत नाही, फक्त निराशा वाटते, चुकीच्या गाडीला हात केल्यासारखी.

"तुम्हाला मराठी येतं?"

"मला कुठलं येतंय. तुला इंग्रजी येत नाही म्हणून तसं ऐकू येतंय."

"आणि आवाज?"

"तू मला एकाच गळ्यातून ऐकलायस. दुसरा कुठून आणू?" चेट मॅलरी हॅट काढून मांडीवर ठेवतो. हॅटमध्ये चुरमुरे आहेत. "घे."

"सुतक आहे."

"बरोबर. मलाही असेल मग. काय रे, स्वतःचं सुतक असतं का?"

"बापूकाकांना विचारावं लागेल."

बापूकाका दोन खुर्च्या सोडून घोरताहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

पडद्यावर चेट मॅलरी मरतो आहे. घोड्यावरून पडतो आणि गाणं म्हणतो. मग बोटीवरून पडतो, बोट निघून जाते, पाण्यातून गाणं येत राहतं. मग एका स्टेशनवर, बाकावर रेनकोट ठेवून, नुसताच बसल्या बसल्या.

"हा कशाने गेला?" निनाद विचारतो.

"दुःखाने. पैसे संपले होते कंपनीचे, घोडा परवडेना."

"प्रत्येक सिनेमात मरायचं हे तुमचंच डोकं?"

"छे. मी चपलांच्या दुकानात होतो. आमचं गाव कोळशाचं, बाप खाणीत. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना मी गायचो, त्या नादात बूट घट्ट आहे हे लोकांना उशिरा कळायचं. एका सिनेमावाल्याने तसाच घट्ट जोड नेला आणि दुसऱ्या दिवशी लंगडत परत आला, म्हणाला, चल. पहिल्या सिनेमात माझं काम एवढंच, गोळी खायची आणि बाजूला व्हायचं. मी बाजूला झालोच नाही. गाणं पूर्ण केलं. थिएटरात बायका रडल्या. मग करारातच आलं, हा माणूस शेवटी मरेल." तो पडद्याकडे बघतो. "सव्वीस वेळा मेलो. लग्नं चार. गाणी मोजली नाहीत. मग काळा-पांढरा जमाना गेला, मग मी साबणाच्या जाहिरातीत आंघोळ केली, मग कुणी बोलावलं नाही."

"आणि शेवटी?"

"शेवटी दवाखान्याची खोली. टीव्ही चालू होता, त्यात मीच मरत होतो. नर्स तिकडे बघत होती. इकडचा मी गेलो ते तिला जाहिरात लागल्यावर कळलं."

निनादला हसू येतं.

"चल," चेट म्हणतो. दोघे उठत नाहीत, तरी चालू लागतात.

खुर्च्यांची रांग आता सतारमेकर गल्ली आहे. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्यांवर तंबोऱ्यांचे भोपळे उन्हात वाळत घातले आहेत, सोललेले, पिवळे, माणसाच्या डोक्याएवढे. निनादचं डोकंही त्यांच्यात बसेल इतकं गुळगुळीत आहे. भोपळे अजून रिकामे आहेत, पण जवळून गेलं की खाकरतात, जणू आता म्हणतीलच काहीतरी. चेट एकेका भोपळ्यावर टिचकी मारत चालला आहे.

"काय शोधताय?"

"तुझ्या बापाचा. इथे कुठेतरी ठेवलाय म्हणाला."

"काय ठेवलाय?"

"स्वतःचा आवाज. माझा वापरायचा तर तो कुठेतरी ठेवायला नको?"

निनाद एका भोपळ्याला कान लावतो. आत पाणी वाहतंय. ते पाणी भोपळ्यातून पायरीवर येतं, पायरीवरून गल्लीत, आणि गल्ली संपते तिथे पालिकेचा पाणीपुरवठा विभाग आहे, ज्याच्या काउंटरखालून कृष्णा वाहते आहे. लोक घोट्याएवढ्या पाण्यात रांगेत उभे आहेत, हातात केळीच्या पानावर भाताचे गोळे. कुणी कुणाशी बोलत नाही. खिडकीत वडिलांची खुर्ची आहे, तिच्या पाठीला त्यांचाच नॅपकिन. खुर्चीत कावळा बसला आहे. चष्मा नाही, पेन नाही, साधा कावळा.

चेट रांगेबाहेर थांबतो. हॅट दोन्ही हातांत धरतो, जशी लग्नाला उशिरा आलेला पाहुणा धरतो.

"निन्या, मला एक सांगायचंय. तुझ्या बापाचा पिंड मी खाल्ला."

निनाद रांगेकडे वळतो.

"ऐक तर. मी नवीन होतो. कुठे जायचं माहीत नव्हतं. आमच्याकडे मेल्यावर फुलं ठेवतात. फुलं छान असतात, पण खाता येत नाहीत. आणि अचानक लांबून हाक आली. या चेट. चेटभाऊ बसा. ये रे चेट. अरे, मला किती वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. वाटलं, माझ्यासाठीच जेवण मांडलंय. गरम भात होता. तीळ लावलेला."

"त्या पप्पांना मारलेल्या हाका होत्या."

"आता कळलं. तेव्हा मला फक्त माझं नाव ऐकू आलं. शशिकांत असं एकानेही म्हटलं नाही, शप्पथ. म्हटलं असतं तर मी थांबलो असतो." "आणि माझी इच्छा म्हणशील तर काहीच उरली नव्हती, भूक सोडून. म्हणून पटकन शिवला. कावळ्याची चूक नाही त्यात."

निनादचे पाय पाण्यात आहेत. पाणी गार आहे. त्याच्या छातीवरून काहीतरी सरकून बाजूला होतं आणि त्याच्या जागी दुसरं, त्याहून जड, येऊन बसतं.

"म्हणजे पप्पांचा शिवलाच नाही."

"नाही."

"म्हणजे त्यांचं काहीतरी राहिलंय."

"राहिलंय ना."

"कुठे आहेत ते?"

चेट हॅटने दाखवतो. काउंटरच्या मागे फायलींचं कपाट असायला हवं, तिथे लाल मखमलीचा पडदा आहे, नवतारकाचा, खालून उंदरांनी कुरतडलेला. पडद्याखालून दोन बूट दिसतात. काळे, टाचा झिजलेल्या. डाव्याची नाडी नेहमीप्रमाणे सुटलेली. बूट जागच्या जागी ताल धरताहेत.

निनाद पळतो. पाण्यात पळता येतं तेवढंच. खिडकीशी पोचतो, तोवर कावळा मान तिरकी करून बघतो आणि म्हणतो, "पुढचा."

"माझे वडील आत आहेत."

"नाव?"

"शशिकांत होनमोरे."

"त्यांचं शिवून झालंय. प्रकरण बंद आहे."

"ते चुकीच्या माणसाचं झालं. हे इथे उभे आहेत, विचारा त्यांना. त्यांनी खाल्लाय."

"मीच खाल्ला," चेट मागून म्हणतो. "चवीला चांगला होता."

"त्याची वेगळी नोंद नाही," कावळा म्हणतो. आवाजात राग नाही, काही नाही. "बंद प्रकरणातला माणूस बाहेर येऊ शकत नाही. पुढेही जाऊ शकत नाही. पुढचा."

बूट ताल धरून आहेत. निनाद काउंटरवरून हात लांब करतो, पण काउंटर रुंद होत जातं, जेवणाच्या पंगतीएवढं, मग पुलाएवढं.

"मग त्यांचं काय राहिलंय तेवढं तरी सांगा. मी वचन देतो. तीन पाठ केलीत. आईकडे बघेन. ओव्हरकोट..."

"त्यातलं नाही रे," चेट हळूच म्हणतो. तो आता शेजारी उभा आहे. "त्याला तुझ्याकडून काही नकोय. त्याचंच तुला काहीतरी द्यायचं राहिलंय. तू मागितलं होतंस म्हणे. दात घासताना."

पाण्याचा आवाज थांबतो. भोपळे खाकरायचे थांबतात.

"दोनदा मागितलंस, असं म्हणाला. एकदा आलेला वन्समोअर आपण कधी चुकवला नाही, आणि हा तर घरचा. तेवढा देऊन येतो म्हणतोय, मग कुठे जायचं तिथे जाईन. कधीपासून विंगेत उभा आहे."

निनादला बोलायचं आहे, पण तोंडात फेस आहे. पेपरमिंटचा, भरपूर, गिळता येत नाही आणि थुंकायला जागा नाही, कारण सगळीकडे नदी आहे.

"एक विचारू?" चेट म्हणतो. त्याचा चेहरा पहिल्यांदाच गळ्याखालच्या शरीराएवढा म्हातारा दिसतो. "सव्वीस वेळा मेलो, पण एकदाही मला परत कुणी बोलावलं नाही. सिनेमात तशी सोयच नसते. दिवे लागतात, लोक चपला शोधतात. तुझा बाप मला सांगत होता की मिरजेत तसं नसतं. मलाही एकदा म्हणशील?"

तो उत्तराची वाट बघत नाही. पाण्यातच छातीवर हात ठेवतो. स्टेशनवर विसरलेल्या रेनकोटचं गाणं म्हणतो, वडिलांच्या आवाजात, वडिलांच्या त्या कुठल्याच देशाच्या नसलेल्या इंग्रजीत. एक गुडघा. दुसरा गुडघा. मग आडवा. शेवटचा सूर पाण्याखालून येतो, बुडबुड्यांसारखा, आणि फुटतो.

रांगेतले लोक बघताहेत. निनाद उभा आहे. हा एकच शब्द आहे त्याच्याकडे, आणि मागच्या वेळी तो उच्चारल्यावर कुणी उठलं नव्हतं. तो फेस गिळतो.

"वन्समोअर," तो म्हणतो.

चेट मॅलरी उठतो. पाण्यातून उठतो, कोरडा. आधी गुडघा झटकतो. मग कॉलर सरळ करतो. अगदी तसंच, उजव्या हाताने डावी बाजू आधी. निनादला पुढचं दिसेनासं होतं.

"हे तुमचं नाही," तो म्हणतो. "हे पप्पांचं आहे."

"मग कुणाचं असणार. मरायचं त्याने माझ्याकडून घेतलं. उठायचं मी त्याच्याकडून." चेट हसतो, आणि रडत असावा. "काय छान वाटतं रे उठून. उगीच एवढी वर्षं पडून राहायचो."

पडद्यामागून कुणीतरी खोकतं. खोकला साधा आहे, अमेरिकन नाही. सकाळी बाथरूममधून यायचा तसला, आधी लहान, मग मोठा, मग 'हं'. निनादला कळतं की वडिलांचा स्वतःचा आवाज एवढाच होता आणि तो आपण रोज ऐकत होतो.

"पप्पा," तो म्हणतो. घाटावर म्हणायचं राहिलेलं.

पडदा हलतो. खालून एक हात येतो, मनगटावर पांढरा खमिसाचा कफ, चिमटीत काहीतरी. चेट वाकून ते घेतो आणि निनादच्या ओठांशी धरतो.

"हे त्याने दिलंय. जिभेखाली ठेव. चावू नको म्हणाला, आवाज बसतो."

"मला त्यांना बघायचंय."

"पुढचा," कावळा म्हणतो, आणि खिडकीचं दार ओढून घेतो. बाहेर पाटी आहे, जेवणाची वेळ. कृष्णा सगळी एकदम काउंटरखाली शिरते, गल्ली जाते, भोपळे जातात, लोखंडी खुर्च्या एकमेकींत घडी होऊन मिटत जातात, उजेडाचा पट्टा विझतो, आणि मागची खटखट वर जाऊन छताला लागते.

पंखा आहे.

बापूकाकांच्या तोंडावरचं वर्तमानपत्र खाली पडलं आहे. उन्हाची तिरीप सतरंजीवरून भिंतीवर चढली आहे. आई दारात उभी आहे, पदराला हात पुसत.

"उठ रे. चहा टाकलाय." मग ती जवळ येते. "तोंडात काय आहे?"

निनादला माहीत नाही. तो जिभेखालून बोटाने काढतो आणि तळहातावर ठेवतो. लवंग आहे.

घरात लवंग नाही. सुतकात विडा नाही, मसाला नाही, मावशीने डब्यातून आणलेल्या वरणात हळद आणि मीठ सोडून काही नव्हतं. घरातली लवंग फक्त वडिलांच्या डबीत असायची. ते गाण्याआधी एक जिभेखाली ठेवायचे, तिचं फूल नखाने तोडून, कारण फूल आवाजाला चावतं असं त्यांचं म्हणणं. ती डबी त्यांच्या खिशातच राहिली आणि त्यांच्याबरोबर गेली.

आई लवंग उचलते, उजेडाकडे धरते. दांडी आहे. वर फूल नाही.

मग लवंग त्याच्या तळहातावर परत ठेवते आणि त्याची मूठ मिटते.

"चावू नको," ती म्हणते, आणि आत जाते. थोड्या वेळाने आतून कोरड्या फडक्याचा आवाज येतो. ती स्वयंपाकघर पुसते आहे. आज पुसायची गरज नव्हती.

निनाद उठतो. चहा घेत नाही. शशिकांत होनमोरे घरात कचेरीतल्यासारखे बोलायचे. अर्धा कप चहा हवा असला तरी 'सबब विनंती की' म्हणूनच मागायचे, आणि आई 'मंजूर' म्हटल्याशिवाय कप आणायची नाही. निनादला दुसऱ्या कुठल्या भाषेत मागावं ते कळत नाही. तो गच्चीवर जातो. कठड्यावर एक कावळा आहे, तोच की दुसरा सांगता येणार नाही. निनाद लवंग जिभेखाली ठेवतो, पाय जुळवून उभा राहतो आणि स्पष्ट आवाजात अर्ज तोंडी सादर करतो.

"प्रति, माननीय कावळा, कृष्णाघाट, मिरज. विषय, आज सकाळी झालेला स्पर्श रद्द करणेबाबत. महोदय, सदर पिंड हा कै. शशिकांत होनमोरे यांचा असून तो अन्य इसमाने, भुकेपोटी व चुकीच्या हाकेमुळे, ग्रहण केला आहे. त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि मूळ गृहस्थ अद्याप पडद्यामागे उभे असून त्यांच्याकडून एक वन्समोअर येणे बाकी आहे. सबब विनंती की, बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडून त्यांना फक्त एक वेळ, गुडघा झटकून व कॉलर सरळ करून, उठण्याची परवानगी मिळावी. त्यानंतर नियमाप्रमाणे पडण्यास आमची हरकत असणार नाही. फरशी कोरडी करून ठेवली आहे."